पहिलं ड्रिल पंधरा दिवसांवर आलंय

पत्र:

काका, मी मूळची नाशिकची, आता न्यू जर्सीत असते. वय ३१, एका विमा कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. लग्नानंतर यथावकाश नागरिकत्व मिळालं आणि मी अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या अर्धवेळ सैन्यसेवेत, जायचं ठरवलं. बेसिक ट्रेनिंग झालं, फोर्ट बेनिंगला ऑफिसर कँडिडेट स्कूल झालं, फोर्ट लीला ट्रान्सपोर्टेशनचा कोर्स झाला. आता मी सेकंड लेफ्टनंट, म्हणजे सगळ्यांत खालच्या हुद्द्याची अधिकारी आहे. पंधरा दिवसांनी माझा पहिला ड्रिल वीकेंड, म्हणजे महिन्यातून एकदाचा प्रशिक्षणाचा शनिवार-रविवार, आणि मला झोप लागत नाही. ट्रेनिंगमध्ये सगळेच माझ्यासारखे नवे होते. इथे माझ्या हाताखालच्या तुकडीत, म्हणजे प्लाटूनमध्ये, तीसेक माणसं आहेत. प्लाटून सार्जंट, म्हणजे तुकडीतले सगळ्यांत वरिष्ठ सार्जंट, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे आहेत, दोनदा इराकला जाऊन आलेत. त्यांच्यासमोर मी बोलू काय? सोबत काय न्यायचं? ऑफिसात मॅनेजरला सांगितलं तर त्याचा चेहराच पडला. त्यात त्याच शनिवारी आमच्या मंडळाचा गणपती आहे आणि मी लेझीम पथकात आहे. आईबाबा रोज फोनवर विचारतात, चांगली नोकरी असताना हे कशाला? डिसेंबरात त्यांना भेटायला नाशिकला जाणार आहे. तेव्हा तरी त्यांना काय सांगू?

– एक नवी लेफ्टनंट

उत्तर:

तू ज्या प्लाटून सार्जंटला घाबरते आहेस ना, तसाच एक मी होतो. ग्रीन कार्डावर साधा सैनिक म्हणून रिझर्व्हमध्ये भरती झालो, वर्दीत असतानाच नागरिक झालो आणि सार्जंट फर्स्ट क्लास म्हणून निवृत्त झालो. मधल्या वर्षांत एकामागून एक नवे लेफ्टनंट माझ्या प्लाटूनमध्ये आले. काही फार चांगले निघाले, काही निभावले. अधिकाऱ्याने कसं वागावं हे तुला फोर्ट बेनिंगला भरपूर शिकवलं असेल. रांगेत उभं राहिल्यावर समोरचा अधिकारी कसा दिसतो, तेवढं मी सांगू शकतो.

रांगेतून पहिल्या दिवशी एकच गोष्ट दिसते: या नव्या लेफ्टनंटला आमच्या वेळेची किंमत आहे की नाही. रिझर्व्हचं गणित तुला माहीत आहे. वर्षाला ४८ सत्रं, प्रत्येक सत्र किमान चार तासांचं, एका वीकेंडला अशी चार, आणि वर्षातून एकदा साधारण दोन आठवड्यांचं सलग प्रशिक्षण. कागदावर हे फार वाटत नाही. पण शनिवारी सकाळी तुझ्यासमोर जी माणसं उभी असतील, त्यातली एखादी नर्स शुक्रवारची रात्रपाळी संपवून थेट आलेली असेल. कुणी दोन तास गाडी चालवून आलेला असेल. कुणाच्या मुलीची त्याच दिवशी सॉकरची मॅच असेल. या लोकांनी महिन्यातले दोन सुट्टीचे दिवस तुमच्या हातात दिलेत. ते दोन दिवस नुसते उभं राहण्यात, कुणाची तरी वाट बघण्यात गेले, की माणूस आधी चिडतो, मग गप्प होतो आणि करार संपला की निघून जातो. चांगली चांगली माणसं अशी गेलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा तुझी सगळी तयारी एका हिशेबाने कर: माझ्यामुळे कुणाचा एक तासही फुकट जाऊ नये.

हा हिशेब शनिवारी सुरू होत नाही, आजच सुरू होतो. आधी तुझे स्वतःचे कागद. नवा अधिकारी शनिवारी सकाळी आपलं ओळखपत्र, आपला पगार, आपला ईमेल यांच्या मागे धावत बसला, तर त्याच्या प्लाटूनला त्या दिवशी अधिकारी नसतो. युनिटमध्ये पूर्णवेळ काम करणारे एक-दोन लोक असतात, त्यातले युनिट ॲडमिनिस्ट्रेटर हे तुझ्यासाठी सध्या सगळ्यांत महत्त्वाचे. ते सोमवार ते शुक्रवार रिझर्व्ह सेंटरला असतात. त्यांना उद्याच फोन कर. नेमणुकीची ऑर्डर, शपथेचा कागद, कोर्स पूर्ण केल्याचा अहवाल, डीडी २१४ (ट्रेनिंगच्या सेवेचा दाखला), लसीकरणाची नोंद, लग्नाचा दाखला, बँकेचा तपशील, यातलं काय त्यांच्याकडे पोचलंय आणि काय नाही ते विचार. मूळ कागद घरी ठेव, प्रती एका फाइलमध्ये घालून ने. आणीबाणीत कुणाला कळवायचं तो फॉर्म आणि सैनिकांचा सामूहिक आयुर्विमा, या दोन्हींवर नावं बरोबर आहेत ना, ते नवऱ्यासोबत बसून बघ. २०२३ पासून या विम्याची कमाल रक्कम पाच लाख डॉलर आहे. कॉलेजात असताना आईचं नाव घातलं आणि पुढे लग्न झालं, मुलं झाली तरी तेच राहिलं, असे घोळ मी पाहिलेत.

आणखी एक, दिसायला अगदी बारीक. तुझं सीएसी कार्ड, म्हणजे सैन्याचं चिप असलेलं ओळखपत्र. घरी कार्ड रीडर लावून या आठवड्यातच आर्मीच्या ईमेलला लॉग-इन करून बघ. पिन तीनदा चुकला की कार्ड बंद होतं आणि ते उघडून घ्यायला माणूस आणि यंत्र दोन्ही लागतात. रविवारी दुपारी ते दोन्ही जागेवर असतीलच असं नाही. ईमेल चालू झाला की ट्रेनिंग शेड्यूल मागून घे. ते वाच. ज्या कामाबद्दल काही कळत नाही, त्यावर खूण कर.

मग प्लाटून सार्जंटना फोन कर. पहिली भेट फॉर्मेशनमध्ये, म्हणजे रांगेत उभ्या तीस माणसांसमोर होऊ देऊ नकोस. आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी, आधी मेसेज करून वेळ विचारून फोन कर, कारण दिवसा तेही कुठेतरी नोकरी करतात. फार बोलायची गरज नाही. आपली ओळख सांग, आणि विचार: या वीकेंडला सगळ्यांत महत्त्वाचं काम कोणतं? प्लाटूनमध्ये कुणाच्या घरी काही अडचण आहे का? कुणाचा पगार अडकलाय का? माझ्याकडून तुम्हाला पहिल्या दिवशी काय हवंय? आणि ऐक. मध्ये तोडू नकोस, वहीत लिहून घे. त्यांचं वय आणि इराक यांचं दडपण तुझ्यावर आहे हे मला कळतं. पण विश्वास ठेव, ज्या सार्जंटने इतकी वर्षं दिलीत त्याला सर्वज्ञ लेफ्टनंट नको असतो. त्याला असा अधिकारी हवा असतो, जो कंपनी कमांडरसमोर, म्हणजे प्लाटूनच्या वरच्या तुकडीच्या प्रमुखासमोर, प्लाटूनची बाजू नीट मांडेल, ठरलेला निर्णय वेळेवर देईल आणि चुकीचं काही दिसलं तर गप्प बसणार नाही. कामं कशी करून घ्यायची ते सार्जंट बघतात. कोणतं काम, कशासाठी, आणि त्याची जबाबदारी कुणाची, हे तुझं. पहिल्या दोन-तीन ड्रिलमध्ये ही विभागणी आपोआप बसत नाही, ती बोलून बसवावी लागते. त्यांच्या वयाचा मान ठेव, पण निर्णय त्यांच्यावर ढकलून मोकळी होऊ नकोस. 'सार्जंट म्हणतील तसं' हे वाक्य पहिल्या दिवशी नम्रपणा वाटतं, तिसऱ्या महिन्यात पळपुटेपणा वाटायला लागतं.

आणि पहिल्या वीकेंडला काहीही बदलू नकोस. तुझ्या नोकरीत आकडे बघून पद्धती सुधारायची सवय असेल. इथे चार गोष्टी खरंच वेड्यासारख्या चाललेल्या दिसतील. त्या लिहून ठेव. त्यातल्या दोन का तशा आहेत ते दुसऱ्या ड्रिलला कळेल, उरलेल्या दोन तिसऱ्या ड्रिलला सार्जंटना सोबत घेऊन बदल.

सोबत काय न्यायचं, तर शुक्रवारी रात्री वर्दी घालून आरशासमोर उभी राहा. नावाची पट्टी, आर्मीची पट्टी, रँक, उजव्या खांद्यावर झेंडा, डाव्या खांद्यावर नव्या युनिटचा पॅच. हा पॅच बहुतेक तुझ्याकडे नसेल, म्हणून तो कोणता ते ॲडमिनिस्ट्रेटरना विचारून आधीच मागव. अधिकाऱ्यांना वर्दी स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते, तेव्हा एक जास्तीचा जोड हळूहळू करून ठेव. मंगळसूत्र घालत असशील तर टी-शर्टाच्या आत, बाहेरून दिसता कामा नये. नाकात चमकी असेल तर ती वर्दीत चालत नाही, घरूनच काढून जा. रिझर्व्ह सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडीच्या आरशात बघत ती ओढायची वेळ येऊ देऊ नकोस. बाकी पावसाळी जॅकेट, व्यायामाचे कपडे, वही, दोन पेनं, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर. फिटनेस टेस्टचे पाच प्रकार तुला ठाऊक आहेत: डेडलिफ्ट, हात उचलून करायचे पुशअप, स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी, प्लँक आणि दोन मैल धावणं. पहिल्या ड्रिलला टेस्ट असो वा नसो, धावणं सोडू नकोस. नव्या लेफ्टनंटने पहिलं यावं अशी कुणाची अपेक्षा नसते, पण धापा टाकत शेवटी आलेला लेफ्टनंट सगळ्यांच्या लक्षात राहतो.

सुटे पैसे ने. ड्रिलच्या दिवशी सैनिकांचं जेवण सरकारकडून असतं, अधिकाऱ्याला आपल्या जेवणाचे पैसे भरावे लागतात. आणि रांगेत शेवटी उभी राहा. सगळ्यांत खालच्या हुद्द्याचा सैनिक आधी वाढून घेतो, मग वरचे, अधिकारी शेवटी. तुझ्या पत्रात लिहिलं नाहीस, पण शाकाहारी असशील तर युनिटला आधी कळव. पाकीटबंद जेवणात शाकाहारी प्रकार असतात, मात्र थोडे, आणि ते आधी उचलले जातात. बॅगेत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असू दे. चौघांना पुरेल एवढी असली तर फारच छान.

आता शनिवार. ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी पोच. कंपनी कमांडरकडे जाऊन रीतसर रिपोर्ट कर: दार ठोठावून, आत बोलावल्यावर टेबलापासून दोन पावलांवर थांबून, सॅल्यूट करून. हे तुला पाठ आहे. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र मागून घे: पहिलं काउन्सेलिंग, म्हणजे त्यांच्या अपेक्षा काय आहेत ते समोरासमोर बसून. तुझा मूल्यमापन अहवाल तेच लिहिणार आहेत. वर्षाच्या शेवटी आश्चर्य वाटून घेण्यापेक्षा सुरुवातीला अर्धा तास बसलेलं बरं. कमांडरही पार्टटाइम असतात, त्यांना शंभर व्यवधानं असतात. वेळ तू मागायचा.

कंपनीतल्या सगळ्यांत वरिष्ठ सार्जंटना, म्हणजे फर्स्ट सार्जंटना, 'फर्स्ट सार्जंट' असंच म्हण, नुसतं 'सार्जंट' नको. बाहेर चालताना सैनिक सॅल्यूट करतील, त्याला उत्तर दे आणि 'गुड मॉर्निंग' म्हण. हातात कॉफी आणि बॅग दोन्ही घेऊन फिरू नकोस, उजवा हात मोकळा असू दे. फॉर्मेशनसमोर बोलायची वेळ आली तर नाव, काम कुठे करतेस, इथे येऊन आनंद झाला, एवढं पुरे. लांबलचक भाषण करणारे लेफ्टनंट मी रांगेत उभं राहून ऐकलेत. थंडीत पाय गोठत असताना कुणाच्या नेतृत्वाच्या तत्त्वज्ञानात कुणाला रस नसतो.

त्यानंतर मोटर पूलमध्ये, म्हणजे गाड्या ठेवायच्या आवारात जा. तुझी ट्रान्सपोर्टेशन कंपनी आहे, म्हणजे तुझ्या प्लाटूनचा जीव गाड्यांत आहे. महिनाभर उभ्या असलेल्या ट्रकांची तपासणी ही शनिवारची पहिली लढाई. निम्म्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात, कुठे डिस्पॅचचा, म्हणजे गाडी बाहेर काढायच्या परवानगीचा कागद अडलेला असतो. तिथे हाताची घडी घालून उभी राहू नकोस. एखाद्या चालकाला विचार, 'मला दाखवशील का तू कसं तपासतोस?' आणि त्याच्यासोबत गाडीखाली वाक. गळती दिसली की तो सांगेल ती कोणत्या वर्गातली आहे. नुसता ओलसर डाग आहे, थेंब धरत नाही, तो पहिला वर्ग. थेंब धरतो पण खाली पडत नाही, तो दुसरा. थेंब पडतो तो तिसरा, आणि मग ती गाडी बाहेर जात नाही. हे तू पुस्तकात वाचलं असशील. पण ते तेल बोटाला लावून, वास घेऊन, हे इंजिनाचं की गिअरबॉक्सचं हे ओळखणारा एखादा स्पेशलिस्ट हुद्द्याचा सैनिक तुझ्या प्लाटूनमध्ये असणार, कारण तो आठवडाभर कुठल्यातरी गॅरेजमध्ये हेच करतो. रिझर्व्हची खरी ताकद ही आहे. हुद्द्याने चार पायऱ्या खाली असलेला माणूस बाहेर कुठल्याशा कंपनीचा ताफा सांभाळत असतो, कुणी पॅरामेडिक असतो, कुणी शाळेत गणित शिकवतो. कोण काय करतं हे पहिल्याच वीकेंडला जमेल तेवढ्यांकडून जाणून घे आणि लिहून ठेव. पुढे वर्षभर तुला त्याचा उपयोग होईल. मात्र ओळख वाढवताना अंतर राख. सैनिकांना इन्स्टाग्रामवर फॉलो करणं, ड्रिलनंतर त्यांच्यासोबत बारमध्ये बसणं, हे नको. त्यात तुझ्यापेक्षा त्यांचं जास्त नुकसान होतं.

कुणीतरी तुझ्यासमोर सामानाची यादी आणून सही मागेल. रेडिओ, दुर्बिणी, टूलकिट, काय काय असेल. वस्तू समोर आणून, नंबर जुळवून, संचातले सुटे भाग मोजूनच सही कर. घाई असेल तर 'पुढच्या ड्रिलला मोजू आणि मग सही करते' असं शांतपणे सांग. हरवलेल्या वस्तूची चौकशी लागली आणि निष्काळजीपणा ठरला, तर साधारणपणे एका महिन्याच्या मूळ पगारापर्यंत भरपाई मागितली जाऊ शकते. इथे मात्र वेळ गेला तरी चालेल.

नोकरीबद्दल. मॅनेजरचा चेहरा पडला म्हणून खचू नकोस, बहुतेक वेळा त्यांना नियमच माहीत नसतात. १९९४ चा यूसेरा नावाचा केंद्रीय कायदा तुझ्या बाजूने आहे. ड्रिलसाठी, वार्षिक प्रशिक्षणासाठी तुला सोडावंच लागतं, त्यासाठी तुझी सुट्टी जबरदस्तीने वापरायला लावता येत नाही, आणि या सेवेमुळे बढती किंवा पगारवाढ रोखता येत नाही. त्या दिवसांचा पगार देणं मात्र कंपनीवर बंधनकारक नाही. तुझ्या बाजूने कर्तव्य एवढंच की आगाऊ कळवायचं. तोंडी चालतं, पण तू लेखी कळव. आर्मीचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. पूर्ण वर्षाच्या ड्रिलच्या तारखा मिळाल्या की त्याच दिवशी मॅनेजर आणि एचआर दोघांना पाठव. काही ड्रिल शुक्रवारपासून सुरू होतात, ते ठळक करून दाखव. रविवारी फार उशिरा सुटलीस तर, सुरक्षित घरी पोचायला लागणारा वेळ आणि वर आठ तास विश्रांती, एवढ्यानंतरच्या पाळीला हजर व्हायचं असा नियम आहे. त्याची गरज पडली तर वापर, पण मॅनेजरला आधी फोन कर. तरीही कुणी अडवलंच, तर इएसजीआर ही संरक्षण खात्याची संस्था आहे, तिचे स्वयंसेवक विनामूल्य मध्यस्थी करतात. भांडण सुरू होण्याआधी त्यांच्याकडे जा. आणि उलट, मॅनेजरने सांभाळून घेतलं तर त्याच संस्थेकडे त्याचं नाव सन्मानासाठी पाठवता येतं. ते जरूर कर.

पैशाचं थोडक्यात. एका सत्राला एक दिवसाचा मूळ पगार, म्हणजे वीकेंडला चार दिवसांचा. २०२५ च्या दराने नव्या सेकंड लेफ्टनंटला कर कापायच्या आधी साधारण ५३३ डॉलर. पहिला पगार उशिरा आला तर घाबरू नकोस, पण पाठपुरावा कर. घरापासून शंभर मैलांहून लांब ड्रिलला जावं लागत असेल तर परत न मिळालेला प्रवासखर्च करात वजा करता येतो, पावत्या ठेव. आरोग्य विम्यासाठी ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट ही रिझर्व्हच्या लोकांसाठीची योजना आणि तुझ्या ऑफिसचा विमा शेजारी ठेवून हिशेब करून बघ. निवृत्तिवेतनाला वर्षाला किमान ५० गुण (ते ड्रिल, प्रशिक्षण अशा सेवेचे मिळतात) लागतात आणि अशी वीस वर्षं लागतात. आज ते लांब वाटेल, तरी दर वर्षी गुणांचा तक्ता तपासायची सवय आत्तापासून लाव.

आता गणपती. मला माहीत आहे हा विषय तू ओझरता का होईना पण मनापासून काढलायस. ड्रिलची तारीख अगोदर कमांडरशी बोलून बदलून घेता येते, त्याला पुनर्नियोजित प्रशिक्षण म्हणतात, आणि सणासाठी ते मागायला लाज वाटायचं कारण नाही. पण पहिल्याच ड्रिलला मागू नकोस. मंडळाला आज कळव, म्हणजे पथकात तुझ्या जागी कुणाला तरी बसवता येईल. पुढच्या वर्षी ड्रिलच्या तारखा हातात आल्या की गणपती, दिवाळी त्याच्याशी पडताळून बघ आणि अडचण असेल तर सहा-आठ महिने आधी विचार. इतक्या आधी, कारण देऊन विचारलेल्याला नाही म्हणणारे कमांडर मला फार कमी भेटले. आणि हीच सोय तुझ्या सैनिकांनाही आहे हे विसरू नकोस. कुणी ईदसाठी, कुणी बहिणीच्या लग्नासाठी वेळेत विचारेल, तेव्हा तूही तसंच मन मोठं ठेव.

आईबाबांचं. त्यांना खोटा दिलासा देऊ नकोस. 'महिन्यातून दोन दिवस कवायत असते, बाकी काही नाही' असं सांगितलंस तर आज त्यांना बरं वाटेल, पण उद्या बोलावणं आलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल. रिझर्व्हच्या तुकड्या इराकला गेल्या, अफगाणिस्तानला गेल्या, आणि कायद्यात वर्ष-दोन वर्षांपर्यंत बोलावायची तरतूद आहे. हे नवऱ्याशीही एकदा नीट बोलून घे: तू वर्षभर नसलीस तर घर कसं चालेल, हप्ते कोण भरेल. आईबाबांना हेही सांग की आर्मी रिझर्व्हची सुरुवातच १९०८ मध्ये डॉक्टरांच्या राखीव दलाने झाली, आणि आजही तिथे वैद्यकीय, वाहतूक, रसद, इंजिनिअरिंग अशाच तुकड्यांचा भरणा आहे. तुझं काम सामान आणि माणसं वेळेवर पोचवणं आहे. आणि 'हे कशाला' याचं खरं उत्तर तुझ्याकडे असणार, नाहीतर तिशीनंतर बेसिक ट्रेनिंगच्या चिखलात तू लोळली नसतीस. ते उत्तर तुझ्या शब्दांत सांग, माझ्या नको. माझ्या आईला मी काय सांगितलं होतं ते मला आठवतं, आणि तिला पटलं नव्हतं तेही आठवतं. तरी ती माझ्या वर्दीतला फोटो शेजारणींना दाखवायची.

डिसेंबरच्या नाशिकबद्दल एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. अधिकारी म्हणून तुला सुरक्षा मंजुरी, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, लागते आणि ती असलेल्यांना खासगी परदेश प्रवासही आधी कळवावा लागतो. तिकीट काढण्याआधी युनिटच्या सिक्युरिटी मॅनेजरशी बोल. भारतातली बँक खाती, नाशिकच्या घरात तुझं नाव असेल तर ते, नातेवाईक, हे सगळं त्या मंजुरीच्या फॉर्मवर खरंखरं लिहिलं असशीलच. त्यात बदल झाला तर तोही कळव. लपवल्याने त्रास होतो, असल्याने नाही. दुसरं, ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते कार्ड. परदेशी सैन्यात सेवेत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही असं भारत सरकारच्या नियमांत लिहिलेलं आहे. तुझ्याकडे नागरिकत्वानंतर घेतलेलं कार्ड असेल किंवा अर्ज करायचा विचार असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाकडून लेखी सल्ला घे आणि त्याप्रमाणे व्हिसाची व्यवस्था कर. विमानतळावरच्या खिडकीपाशी हा प्रश्न निघू नये.

रविवारचं एक सांगायचं राहिलं. शेवटच्या फॉर्मेशनच्या आधी सार्जंटसोबत वीस मिनिटं बाजूला बस. पुढच्या ड्रिलपर्यंत कोणती कामं आहेत, कोणती तू करणार, कोणती ते करणार, ते वहीत लिही. मधल्या चार आठवड्यांत त्यांना ऊठसूट फोन करू नकोस, आठवड्याला एक ठरलेली वेळ पुरते. सैनिकांना वेळेवर सोड. काम संपलं असेल आणि फॉर्मेशन उगाच लांबत असेल, तर कमांडरना जाऊन विचारायची जबाबदारी तुझी आहे.

आणि कुठल्यातरी सैनिकाने तुला या दोन दिवसांत सांगितलेलं असेल की त्याचा मागच्या दोन ड्रिलचा पगार आलेला नाही. असा एक प्रत्येक प्लाटूनमध्ये असतोच. त्याचं नाव, तारखा, हजेरीच्या सह्या लिहून घे, आणि सोमवारी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत युनिट ॲडमिनिस्ट्रेटरना फोन करून त्याचं काय झालं ते विचार. पैसे जमा होईपर्यंत दर आठवड्याला विचारत राहा.